बंद खोक्यातला निबा

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे, असे छाती ठोकून सांगायला मला फार आवडले असते. पण ठोकायला आधी छाती जोडलेली लागते. माझे जवळजवळ सगळे आयुष्य एका पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले. त्या खोक्यात प्लास्टिकच्या तीन चौकटी होत्या. एकीला माझे डोके चिकटलेले, दुसरीला पाय, तिसरीला हात आणि पाठ. सोबत गोंदाची चिमुकली नळी, आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा ते दाखवणारा कागद. तुकडे तोडा, चिकटवा, उभा करा, एवढे सोपे काम. एका दुपारचे. त्या एका दुपारची मी किती वाट पाहिली ते सांगायला बसलो आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे.

माझे नाव निबा. जपानीत निबा म्हणजे ओझ्याचे घोडे. पोलादी साच्याचे दोन जबडे मिटले, त्यात वितळलेले प्लास्टिक घुसले, आणि जबडे उघडले तेव्हा मी शेवाळी रंगाचा, अजून कोमट, असा बाहेर पडलो. माझ्यासारखे हजारो त्या साच्यातून निघाले. मग आमच्या खोक्यांवर चित्र आले. ते काढणाऱ्याचे मी जन्मभर उपकार मानीन. धुके, मागे जळणारे गाव, आणि मी पाठीत वाकून, दोन्ही हातांच्या ओंजळीत माणसे घेऊन टेकडी चढतो आहे. मी मनाशी म्हटले, आपल्याला असे व्हायचे आहे तर. त्या दिवशी मला जी घाई लागली, ती लागलीच.

आता मी कुठला कोण, ते सांगतो. टीव्हीवर 'तोराइगा' नावाची एक कार्टून मालिका लागायची. तिच्या आधीच्या मालिकांत एक भलामोठा यंत्रमानव यायचा, राक्षसाचे दोन तुकडे करायचा आणि सगळे हसतखेळत जेवायला घरी जायचे. तोराइगामध्ये लढाई होती, आणि ती लढाईसारखी होती. यंत्रमानवाचे इंधन संपायचे. सुटे भाग वेळेवर पोचायचे नाहीत. मारलेल्या शत्रूच्या खिशात त्याच्या धाकट्या बहिणीचा फोटो निघायचा. हुकूम देणारे लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायचे, आणि मरायचे भलतेच. पहिल्यांदा लागली तेव्हा ही मालिका फारशी कोणी पाहिली नाही, म्हणून ती मध्येच गुंडाळली. पुन्हा दाखवली तेव्हा मात्र शाळकरी पोरांपासून भट्टीवरच्या कामगारांपर्यंत सगळे तिच्यामागे वेडे झाले. का झाले, यावर मोठमोठी माणसे व्याख्याने देतात. मला वाटते, मुलांना पहिल्यांदाच कोणीतरी खरे काय ते सांगितले होते.

मी त्या मालिकेत एकाच भागात दिसतो. मला तलवार नाही, तोफ नाही. मी तोफेचे गोळे वाहणारे यंत्र, आणि मला हाकणारा एक म्हातारा चालक. त्याला हुकूम असतो की गोळे आघाडीवर पोचव. वाटेतल्या गावावर मारा चाललेला असतो, माणसे सैरावैरा पळत असतात. म्हातारा थांबतो. गोळे खड्ड्यात ओततो, माणसे उचलतो आणि टेकडीवर नेऊन सोडतो. पुन्हा येतो, पुन्हा नेतो. शेवटच्या खेपेला गेलेला तो परत येत नाही. पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात, पण मालिका तिथे थांबत नाही. पुढच्या भागात कळते की गोळे न पोचल्यामुळे आघाडी कोसळली आणि म्हातारा पळपुटा ठरला. तोराइगा नावाचाच मुख्य यंत्रमानव चालवणारा तरुण कप्तानाला विचारतो, "त्याचं बरोबर होतं का?" कप्तान म्हणतो, "जेव. निवतंय." संपला भाग.

इतका मोठा माझा पराक्रम, पण दुकानात माझी पत शून्य. मी मुरोरानला आलो. बंदराचे गाव, पोलादाच्या भट्ट्या, आणि उतारावर ओयामादा नावाच्या गृहस्थांचे खेळण्यांचे दुकान. तोराइगाचे किट, म्हणजे जोडायच्या तुकड्यांचे खोके, आले की शटर उघडण्याआधी रांग लागायची. माझ्याकडे कोणी ढुंकून बघायचे नाही. मग ओयामादांनी तेव्हाच्या सगळ्या दुकानदारांची युक्ती केली. एका तोराइगाला एक निबा सुतळीने बांधला. तोराइगा हवा तर निबाही घ्या, नाहीतर पुढचे गिऱ्हाईक उभे आहे. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती अशी. माझी यात्रा मात्र दारापर्यंतच व्हायची. पोरे बाहेर पडली की सुतळी तोडायची आणि मला ओयामादांच्याच सायकलच्या टोपलीत टाकून पळायची. ओयामादा मला झटकून आत आणायचे आणि पुढच्या तोराइगाला बांधायचे. मी इतक्यांदा विकला गेलो की मलाच त्याची लाज वाटू लागली.

एके दिवशी कामावरचे निळे कपडे घातलेला एक तरुण दुकानात आला. त्याचे नाव हिदेआकी मिकामी. नुकताच भट्टीवर कामाला लागला होता, कानामागे अजून काजळी होती.

"निबा आहे का?" त्याने विचारले.

ओयामादांनी सवयीने तोराइगाची जोडी पुढे केली.

"तोराइगा नको. नुसता निबा."

"नुसता?"

"हो."

ओयामादांनी चष्मा कपाळावर चढवला. "बरा आहेस ना बाबा? भट्टीजवळ फार उभा राहत जाऊ नकोस. डोक्यावर परिणाम होतो."

तरीही त्यांनी सुतळी सोडली. त्या दिवशी प्रथमच मला कोणीतरी माझ्यासाठी घेतले. घरी जाईपर्यंत हिदेआकीने मला दोन्ही हातांत धरले होते, काखोटीला मारले नव्हते. मी म्हटले, निबा, तुझे नशीब उघडले. आज संध्याकाळपर्यंत तू उभा.

त्या संध्याकाळी त्याचा मित्र वाकुई आला. तोही भट्टीवरचाच, आणि तोराइगाचा हिदेआकीइतकाच वेडा. मला पाहून तो खो खो हसला.

"लेका, लोक हे फेकून देतात आणि तू विकत आणलंस?"

"बाबांसाठी आणलंय," हिदेआकी म्हणाला, आणि त्याने जे सांगितले ते मी टेबलावरून कान देऊन ऐकले. त्याचे वडील शोझो आयुष्यभर पोलादाच्या भट्टीवर होते. घरी आले की बिअरची बाटली, खारवलेला मासा आणि गप्प. टीव्हीवर यंत्रमानव दिसला की म्हणायचे, "बंद कर ते. दिवसभर लोखंडच बघून आलोय." आदल्या दिवशी निबाचा भाग लागला, आणि ते काही म्हणाले नाहीत. हातातली बाटली तशीच धरून शेवटपर्यंत उभे राहिले. म्हाताऱ्याने गोळे ओतले तेव्हा इतकेच बोलले, "आमच्या वेळी असा कोणी थांबला नाही."

"कुणाबद्दल बोलले?" वाकुईने विचारले.

"कुणास ठाऊक. लढाईबद्दल त्यांनी आयुष्यात शब्द काढलेला नाही. महायुद्धात जहाजांनी आपल्या गावावर मारा केला, आजी त्यात गेली एवढंच मला माहीत. म्हटलं हा बांधून त्यांच्यासमोर ठेवावा. मग कदाचित बोलतील."

मित्रांनो, माझे काम काय, ते मला त्या दिवशी कळले. मला त्या गप्प माणसासमोर उभे राहायचे होते. मी तयार होतो. माझ्या पायांना चौकटीतून सुटायची ओढ लागली होती. हिदेआकीने झाकण उघडले, माझी चौकट दिव्यासमोर धरली, बराच वेळ पाहिले, आणि झाकण लावून टाकले.

"आज नको," तो म्हणाला. "मी आत्तापर्यंत दोनच किट जोडलीत. मानेचा सांधा दिसतो माझ्या कामात. हा असा-तसा करून चालणार नाही. आधी हात बसू दे."

इथून माझ्या दुर्दैवाला सुरुवात झाली. आणि दुर्दैव असे की त्यात कोणाचा वाईटपणा नव्हता. मला फेकणाऱ्या पोरांवर निदान रागावता तरी येत होते. जो माणूस तुमच्यावर जीव लावून तुम्हाला कपाटात ठेवतो, त्याच्यावर रागवायचे कसे?

हिदेआकीने हात बसवायला घेतला. तोराइगा जोडले, शत्रूची यंत्रे जोडली. सांधे लांबीने, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याने, भरायचे, काचपेपरने घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे. त्याचे लग्न झाले, सानाए घरात आली, आणि पहिल्या महिन्यात तिला कळले की भाताच्या पातेल्यापेक्षा प्लास्टिकची धूळ या घरात जास्त आहे. एक किट जोडून होईपर्यंत चार नवी किटं घरात यायची. या छंदातल्या लोकांची ही रीतच आहे. एक जोडायला, एक जपायला, एक मित्राला देऊन त्यालाही नादी लावायला. जोडायचे राहते, जपायचे तेवढे होते. माझ्यावर खोकी चढत गेली आणि मी तळाशी गेलो.

"अहो, हे कधी जोडणार?" सानाए विचारायची.

"निवृत्त झालो की."

"तोवर छत खाली येईल. मग बाबांसकट आपण तिघं त्याच्याखाली एकत्रच निवृत्त होऊ."

शोझो विचारायचे ते वेगळेच. नव्या वर्षाच्या सकाळी, किंवा असेच मध्ये कधीतरी, जेवता जेवता मान वर न करता म्हणायचे, "ते घोडं झालं का?"

"नाही बाबा. अजून हात बसतोय."

"हं."

बस्स, एवढेच. मी तळातून ओरडायचो, अहो, फोडा मला, वाकडातिकडा जोडा, पण जोडा. खोक्याचा आवाज कोणाला ऐकू येतो?

वाकुई दर नव्या वर्षाला यायचा. याकितोरीच्या, म्हणजे कांदा लावून भाजलेल्या मांसाच्या, काड्या आणि बिअर घेऊन दोघे बसायचे, आणि दरवर्षी तोच वाद निघायचा.

"गोळे पोचले असते तर आघाडी वाचली असती," वाकुई म्हणायचा.

"आणि गावातली माणसं?"

"ती मेली असती."

"मग?"

"मग काय? मला काय विचारतोस? मी कप्तान आहे का? मोहरीची चटणी सरकव इकडे."

हा वाद कधी मिटला नाही, आणि मला वाटते, मिटत नव्हता म्हणूनच ती मालिका त्यांना सुटत नव्हती. राक्षस मारल्याच्या गोष्टी लहानपणी संपतात. ही गोष्ट त्यांच्याबरोबर म्हातारी होत होती. पण त्या दोघांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पलीकडच्या खोलीत शोझो बातम्या लावून बसलेले असायचे. इकडे निबाचा वाद निघाला की तिकडच्या बातम्यांचा आवाज कमी व्हायचा. वाद संपला की पुन्हा वाढायचा. मी हे दरवर्षी ऐकले आणि दरवर्षी जळलो. तो म्हातारा कान लावून बसला आहे, कोणीतरी जाऊन विचारा. कोणी गेले नाही.

मग माझ्यावर आणखी एक संकट आले, ते म्हणजे कौतुकाचे. ज्या पोरांनी मला टोपलीत फेकले होते ती आता पोटे सुटलेली गृहस्थ मंडळी झाली होती, आणि त्यांना मी हवा होतो. पण मी मिळत नव्हतो, कारण सगळे निबा त्यांनीच कचऱ्यात घातले होते. वाकुईला हे कळल्यावर त्याने मला तळातून खेचून काढले आणि पारदर्शक कागदात गुंडाळले.

"उघडू नकोस हं," त्याने हिदेआकीला बजावले. "न जोडलेला निबा उभ्या होक्काइदोत नसेल. जोडलास तर नुसतं खेळणं. बंद आहे तोवर खजिना."

लोक येऊन माझे फोटो काढू लागले. खोक्याचे कोपरे किती धारदार आहेत याची तारीफ करू लागले. ज्याच्या ओंजळीत माणसे बसायची, त्याच्या कोपऱ्यांची तारीफ. आत माझ्या गोंदाची नळी दगड झाली होती आणि खांद्यावर लावायच्या चिकटचित्राला पिवळेपणा आला होता, ते कोणी पाहिले नाही. नाकापेक्षा मोती जड व्हावा, तसे माझ्यापेक्षा माझे खोके जड झाले.

हिदेआकीला मात्र माझ्या किमतीशी देणेघेणे नव्हते. त्याला खरोखरच मला नीट जोडायचे होते. त्याला प्रदर्शनांत बक्षिसे मिळाली, दुसऱ्या गावांतली माणसे त्याचे काम बघायला येऊ लागली. त्याच्या तोराइगाच्या मानेचा सांधा भिंगाखालीही दिसत नव्हता. मी म्हटले, आता तरी? तर म्हणे, "निबाच्या पाठीचा वाक साधला पाहिजे. बाबांनी तो वाक टीव्हीवर पाहिला होता. तो खोटा वाटला तर सगळंच फुकट." आणि तो वाक साधण्यासाठी त्याने आणखी दुसरी किटं जोडायला घेतली.

शेवटी तो निवृत्त झाला. एका सकाळी त्याने मला टेबलावर घेतले, कात्री पुसली, दिवा लावला. त्याने पारदर्शक कागद अलगद सोडवला. त्याने चौकट जवळ धरली, मग लांब धरली, मग चष्मा बदलला, मग भिंग घेतले. मग कात्री उचलली, आणि तिचे टोक थरथरताना मला दिसले. त्यालाही दिसले. हात बसवता बसवता हातच गेला होता, आणि डोळेही. त्याने माझे झाकण लावून कागद पुन्हा गुंडाळला तेव्हा मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला. मला अजूनही येतो.

शोझो तोपर्यंत म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यात राहायला गेले होते. नव्वदी ओलांडलेली. नातवंडांची नावे विसरायचे, जेवलो की नाही ते विसरायचे. हिदेआकी दर रविवारी जायचा. एका रविवारी तो परत आला आणि बूट न काढताच दारात बसला.

"काय झालं?" सानाएने विचारले.

"आज त्यांनी मला ओळखलं नाही. म्हणाले, तुम्ही कोण? आणि मग म्हणाले, ते घोडं झालं का?"

सानाए उठली. तिने कपाटातून मला काढले, एका कापडी रुमालात बांधले आणि गाठ मारली.

"पुढच्या रविवारी हा तिकडे जातोय," ती म्हणाली. "तिथे जोडा नाहीतर तिथे पुरा. या घरात तो बंद परत येणार नाही."

"अगं, माझ्या हाताला—"

"तुमच्या हाताचं चाळीस वर्षं ऐकतेय मी."

निवाऱ्याच्या जेवणघरात दुपारचे ऊन होते. टेबलांवरचे चहाचे कप नुकतेच उचलले होते. सानाएने गाठ सोडली आणि मला शोझोंसमोर ठेवले. त्यांनी खोक्यावरचे चित्र पाहिले. बोट फिरवले. मग ज्या पारदर्शक कागदाला वाकुईने कोणाला हात लावू दिला नव्हता, त्यात त्यांनी अंगठ्याचे नख घातले आणि तो टराटरा फाडला. हिदेआकीच्या तोंडून नुसता 'अं' असा आवाज निघाला.

शोझोंनी कात्री मागितली नाही. त्यांनी माझी चौकट दोन्ही हातांत धरली आणि माझे डोके पिळून काढले. मानेशी प्लास्टिकचा कोंभ राहिला. मित्रांनो, मला दुखले असेल असे तुम्हाला वाटेल. छे, इतके बरे मला जन्मात वाटले नव्हते.

"बाबा, थांबा, तो कोंभ जरा घासून—" हिदेआकीने खिशातून काचपेपर काढला. सवय, दुसरे काय.

"ठेव तो कागद आत."

गोंदाची नळी पिळली तर आतून काहीच निघेना. तिथल्या सेविकेने चपला चिकटवायचा गोंद आणून दिला.

"काय बनवताय मिकामी आजोबा?" तिने विचारले.

"घोडं."

ते जोडत गेले. कागद त्यांनी पाहिलाच नाही. डावा पाय बाहेरच्या बाजूला फाकला. गोंद गुडघ्यावरून ओघळला. हिदेआकी तुकडे हातात देत होता, सानाए धरून ठेवत होती. आणि दोन्ही हात कामात गुंतले असताना, माझ्या पाठीचे दोन अर्धे दाबून धरता धरता, शोझो बोलू लागले. आवाज अगदी साधा, कालची गोष्ट सांगावी तसा.

"धुकं होतं. जहाजं दिसत नव्हती. नुसते गोळे पडत होते. आईचा पाय चिरडला होता, मी तिला पाठीवर घेतलं होतं. टेकडी लांब. तेवढ्यात घोडागाडी आली, कारखान्याची. बोल्टांची पिंपं भरलेली. हाकणारा ओळखीचा होता. मी हात केला. त्याने माझ्याकडे बघितलं. थांबला नाही."

"आणि आजी?" हिदेआकीने विचारले.

"टेकडीवर पोचलो तेव्हा नव्हती."

त्यांनी माझा उजवा हात उचलला, खांद्याशी लावून पाहिला.

"कोण होता तो, बाबा?"

"शिराहामा."

हिदेआकीचा हात थांबला. त्याला ते नाव माहीत होते. शिराहामा त्याच्या वडिलांच्या शेजारच्या भट्टीवर होते.

"तुम्ही दोघं तर एका बाकावर बसून डबा खायचात."

"खायचो. तीस वर्षं. तो बोलला नाही, मीही बोललो नाही. मनात त्याला रोज शिव्या घालायचो. मग ते टीव्हीवर आलं. तो म्हातारा ओझं ओततो. म्हटलं, बघ शिराहामा, असं करता येतं. आणि मग पुढच्या आठवड्यात त्या म्हाताऱ्यालाच पळपुटा म्हणतात." ते जरा थांबले, गोंद पुसला. "तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिराहामाने पिंपं ओतली असती, तर त्याला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. सोळा वर्षांचं पोर होतं ते. गाडी हाकताना रडत होतं. मी बघितलं होतं, पण इतकी वर्षं ते आठवायचंच नव्हतं मला."

शोझोंनी माझा हात दाबून बसवला.

"त्याला हे घोडं द्यायचं होतं. मला बोलायला जमत नाही. म्हटलं, त्याच्या हातात ठेवावं, तो समजेल. मला कळलंय, एवढंच त्याला कळायला हवं होतं."

"बाबा," हिदेआकी म्हणाला, "मला सांगायचं होतंत ना. मी एका दिवसात जोडला असता."

शोझोंनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिले. राग नव्हता. नवल होते.

"विचारत होतो ना मी? झालं का, झालं का, म्हणून? आणखी कसं सांगतात?" मग पुन्हा माझ्याकडे वळून ते पुटपुटले, "त्याला पोचवून परत येताना पण विचारलं होतं. तेव्हा तर उशीरच झाला होता. तरी विचारलं."

हिदेआकीला ती संध्याकाळ आठवली असावी. शिराहामांच्या अंत्यसंस्काराहून दोघे चालत आले होते, आणि घरी येऊन त्याने रात्रीपर्यंत कोणत्यातरी तोराइगाची मान घासली होती. त्याने चष्मा काढला आणि काचपेपरानेच डोळे पुसायला गेला. सानाएने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

शोझोंनी मला टेबलावर उभे केले. मी डावीकडे कललो, पण उभा राहिलो. त्यांनी मला डोळे बारीक करून पाहिले.

"बरं झालंय," ते म्हणाले. "देऊन ये त्याला."

दुसऱ्या दिवशी हिदेआकी मला घेऊन बंदरावरच्या टेकडीवरील स्मशानात गेला. शिराहामांच्या समाधीच्या दगडावर त्याने पाणी घातले, उदबत्ती लावली आणि मला पुढे ठेवले. खालून समुद्राचा वारा सुटला होता. फाकलेल्या पायाने मी पडलो. त्याने उचलून ठेवले, मी पुन्हा पडलो. मग त्याने मला दगडाला टेकवून धरले आणि तसाच उकिडवा बसून राहिला. उदबत्ती विझली तरी उठला नाही. वरातीमागून घोडे म्हणतात, ते मीच.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, नीट ठेवा, धूळ बसू देऊ नका. मला हे सांगवत नाही. मला चाळीस वर्षे फार नीट जपले. तुमच्या कपाटात कोणासाठी तरी आणलेले काही असेल, आणि 'अजून नीट जमत नाही' म्हणून तुम्ही ते झाकून ठेवले असेल, तर आजच फोडा. सांधा दिसू द्या. गोंद ओघळू द्या. आणि घरातले कोणी तेच ते पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर हातातले काम खाली ठेवून, का विचारता, एवढे विचारा. माझा पाय वाकडा आहे हे दगडाला दिसत नाही. शिराहामांना दिसले असते, आणि ते त्याला हसले असते.